बाकड्यावरचा आवाज

१

तो आवाज माझ्या फोनांपैकी नव्हता, हे मला पहिल्या शब्दालाच कळलं.

चाचणीसाठी लागणारे सगळे खोटे फोन मी स्वतः तयार केले होते. नाटकात कामं करणारी काही मंडळी जमवून, त्यांना कण्हायला लावून, पत्ता विसरल्याचं सोंग करायला लावून. एक फोन मुद्दाम मुका ठेवला होता. त्यात पलीकडून नुसता श्वास ऐकू येई, शब्द एकही नाही. कुठल्या फोनवर कुणाचा आवाज आहे, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

आणि आता भर दुपारी, काचेच्या अलीकडे बसलेल्या माझ्या कानात एक म्हातारा, दमलेला, पण अतिशय सभ्य आवाज म्हणत होता, "दार उघडं ठेवलंय मी. जिन्यात अंधार आहे, जपून या."

काचेपलीकडे चाचणीला बसलेल्या, रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन वर्षानुवर्षं घेणाऱ्या आक्कांनी हेडसेट ओरबाडून काढला आणि टेबलावर टाकला. त्यातून तो आवाज बारीक किड्यासारखा कुरकुरत राहिला आणि मग थांबला.

मी आत धावले. आक्का खुर्ची मागे सरकवून भिंतीला टेकल्या होत्या.

"हे कुणी घातलं यात?" त्या म्हणाल्या. "मस्करी करतेस काय माझी?"

"आक्का, शपथ सांगते, हा फोन माझा नाही."

"मग घड्याळवाल्याचा आवाज आला कुठून?"

"कोण घड्याळवाला?"

आक्कांनी डावं मनगट माझ्यापुढे धरलं. जुनं, गोल तबकडीचं घड्याळ होतं. "यानंच दुरुस्त करून दिलं होतं. दर वेळी दुकानात गेलं की वर घरी चहाला बोलवायचा आणि असंच म्हणायचा, जिन्यात अंधार आहे, जपून या." त्यांनी हात पदराखाली घेतला. "गेल्या हिवाळ्यात गेला तो."

२

माझं काम तसं निरुपद्रवी. वर्षानुवर्षं एखादा प्रोग्राम वापरणाऱ्या माणसांसमोर त्याचा नवा चेहरा ठेवायचा आणि ती कुठं अडखळतात ते बघायचं. नवख्या माणसाला सगळंच नवं असतं, त्याची काळजी नसते. मुरलेल्या माणसाचं मात्र डोकं नवीन शिकतं आणि हात जुनंच करत राहतो. इथं तर गाठ रुग्णवाहिका पाठवणाऱ्या नियंत्रण कक्षाशी होती. एक बटण इकडचं तिकडं गेलं, तर कुणाचा तरी जीव जायचा.

चाचणीची खोली त्याच इमारतीत, कक्षाच्या मागच्या बाजूला होती. भिंतींना आवाज शोषणारा जाड कापडी थर दिलेला, त्यामुळं आत पाऊल टाकलं की स्वतःच्या गिळण्याचाही आवाज यायचा. मध्ये एकतर्फी काच. टेबलावर दोन पडदे, एकावर जुना प्रोग्राम आणि दुसऱ्यावर नवा. भिंतीवर कक्षातल्यासारखाच, थांबलेल्या फोनांचा आकडा दाखवणारा फलक. जुन्याची नक्कल आतल्या सगळ्या मालमसाल्यासकट मिस्त्रीनं आणून बसवली होती. मिस्त्री म्हणजे कक्षाचा सॉफ्टवेअरवाला. मोडलेलं सगळं तोच जोडायचा, म्हणून हे नाव.

घड्याळवाल्याची हकिकत मला त्याच दिवशी तुकड्यातुकड्यानं कळली. तो एकटाच घरी असताना त्याच्या छातीत कळ आली. त्यानं इथं फोन लावला. बायको संध्याकाळी परतली, तेव्हा दार सताड उघडं होतं आणि तो उंबऱ्याशी पडलेला. त्याच्या मोबाइलवर दिसत होतं की फोन लागला होता आणि बराच वेळ चालू होता. इथल्या नोंदीत मात्र तसा फोन आल्याची खूणसुद्धा नव्हती.

टेलिफोन कंपनीकडून चौकशीचं उत्तर आलं, तेव्हा तो फोन कुठल्या टेबलाला जोडला गेला ते निघालं. ते टेबल कक्षातल्या सगळ्यांत नव्या मुलीचं होतं. तिला सगळे धाकटी म्हणत. धाकटीनं फोन कापला आणि नोंद पुसली, असा ठपका ठेवून तिला घरी बसवण्यात आलं.

"पण नोंद पुसता येते का?" मी मिस्त्रीला विचारलं.

"नाही येत." तो माझ्याकडे न बघता केबल गुंडाळत होता.

"मग तिनं पुसली कशी?"

"ते साहेबांना विचारा. माझं काम वायरींचं."

कक्षाचे प्रमुख असलेले साहेब पुढच्याच मिनिटाला दारात हजर झाले. उंच, नीटनेटके, बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून बघणारे. "मॅडम, नकलेत काहीतरी जुना कचरा आलेला दिसतोय. मिस्त्री साफ करून टाकेल. आपण नव्या पडद्याकडे लक्ष द्यावं."

ते गेल्यावर मी आक्कांच्या खुर्चीत बसले. त्यांच्या चाचणीचं चित्रण पुन्हा लावलं. मुका फोन येतो. आक्कांचा डावा हात उचलला जातो आणि न बघता, सरळ पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर टेकतो. कोपरा करडा, मोकळा. तिथं बटण नाही, अक्षर नाही, रेघसुद्धा नाही. आक्का दचकतात, पण बोट तिथंच राहतं. मग तो आवाज.

मी त्याच कोपऱ्यावर बोट टेकवलं.

काहीच झालं नाही.

पुन्हा टेकवलं. त्या मुक्या खोलीत माझ्या नखाचा टक असा आवाज तेवढा आला. पण दोघींनी ऐकलं होतं. दोघींना एकाच वेळी एकच भास व्हायचा नाही.

३

दुसऱ्या दिवशी मास्तरांची पाळी होती. पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, वर्गापुरता आवाज उरला नाही तेव्हा इथं आले. त्यांना मी मुद्दाम आधी नव्या पडद्यावर बसवलं.

नवं सगळं त्यांना पटपट जमलं. चुका नाहीत, घाई नाही. मग मी मुका फोन सोडला.

मास्तरांचा डावा हात उठला आणि खालच्या डाव्या कोपऱ्यावर टेकला.

तो पडदा दोन महिन्यांपूर्वी जन्मलेला. त्या कोपऱ्यात कधीच काही नव्हतं. मास्तरांनी हाताकडे असं पाहिलं, जणू तो शेजारच्या माणसाचा आहे.

"काय शोधत होता, मास्तर?" मी माइकवरून विचारलं.

"कुठं काय? काही नाही."

"हात तिकडं गेला."

"सवय, मॅडम."

"कसली? जुन्या पडद्यावरही तिथं काही नाही."

काचेतून त्यांना मी दिसत नव्हते, तरी ते नेमके माझ्या डोळ्यांत बघत होते. मग हात मांडीखाली दाबून घेऊन म्हणाले, "पुढचा फोन लावा."

त्या आठवड्यात जेवढे जुने लोक येऊन गेले, त्या प्रत्येकाचा हात मुक्या फोनवर त्याच मोकळ्या कोपऱ्यात गेला. दुसऱ्या कुठल्याही फोनवर नाही. आणि एकालाही त्याबद्दल बोलायचं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यात जाऊन बसले, की डब्यांची झाकणं लागायची आणि प्रत्येकाला एकदम काहीतरी काम आठवायचं.

घरी आम्ही नुकतंच बैठकीच्या खोलीचं काम करून घेतलं होतं. त्या संध्याकाळी बाबा आत आले आणि दाराशेजारच्या गुळगुळीत भिंतीवर तळहातानं चाचपडू लागले.

"बाबा, दिव्याचं बटण पलीकडे गेलंय. किती वेळा सांगू?"

"मला माहितेय गं," बाबा वैतागून म्हणाले. "याला कोण सांगणार?" आणि त्यांनी स्वतःच्याच हाताला एक चापट मारली.

मी हसले आणि मध्येच थांबले. माणसाचा हात कधी न पाहिलेल्या ठिकाणी जात नाही. भिंत आता कितीही कोरी दिसली, तरी तिथं एकदा काहीतरी होतंच.

४

आक्कांना मी इमारतीबाहेर, बसथांब्यावर गाठलं.

"त्या कोपऱ्यात काय होतं, आक्का?"

त्यांनी बस येतेय का ते पाहिलं. आली होती. त्या चढल्या नाहीत.

"बाकडं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"आम्ही म्हणायचो तसं. फोन आला आणि पलीकडून कुणी बोलेना, तर तिथं बोट टेकवायचं. फोन बाकड्यावर बसायचा. तुटायचा नाही, पलीकडचं बोलणं आत साठत राहायचं, पण भिंतीवरच्या मोठ्या फलकावरून उतरायचा. थांबलेल्या फोनांचा आकडा कमी दिसायचा ना. मग सवड झाली की तिथंच बोट दाबून धरायचं. आधी बसलेला फोन आधी उठायचा. उठला की मगच त्याची नोंद व्हायची, आणि नोंद होईपर्यंत तो बाकड्यावरच राहायचा."

"दाबून धरायचं!" मी नुसतं टेकवत होते.

"साहेबांनी सांगितलं, मिस्त्रीनं बसवलं. कागदावर कुठंच नव्हतं. मुके फोन बहुतेक खोडसाळ असतात गं, आम्हालाही बरंच वाटलं. मग घड्याळवाला गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर कोपरा मोकळा. कुणी विचारलं नाही. कुणी सांगितलं नाही."

"पण तो तर बोलत होता. मुका कुठं होता?"

आक्कांनी मनगटावरचं घड्याळ चाचपलं. "कळ आल्यावर आधी श्वासच सापडला नसेल त्याला. बोलायला लागला तेव्हा ऐकायला कुणी नव्हतं."

तो माणूस उघड्या दाराशी पडून, आपलं कुणीतरी ऐकतंय असं समजून, किती वेळ बोलत राहिला असेल?

"बाकड्यावर बसवला कुणी त्याला? धाकटीनं?"

"मी तिला शिकवलेलं नाही. मास्तर म्हणतात, त्यांनीही नाही. पण टेबल तिचं होतं." आक्कांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "आम्ही सगळ्यांनी असे फोन बसवलेत, पोरी. त्या दिवशी ती होती, एवढंच. म्हणून तोंड उघडवत नाही."

५

धाकटी आईबरोबर दोन खोल्यांत राहायची. मी कोण ते सांगितल्यावर तिनं दार लोटायला सुरुवात केली.

"ताई, मला जे सांगायचं होतं ते सांगून झालंय."

"मला काही ऐकायचं नाही," मी म्हणाले. "तासभर माझ्या यंत्रापुढे बसशील?"

आली. जुन्या पडद्यावर बसली. कामात खंड पडला होता, तरी बोटं सुरेख चालत होती. मी एकामागून एक फोन सोडत गेले, भिंतीवरचा आकडा चढवत नेला, आणि ती पुरती घाईला आल्यावर मुका फोन सोडला.

तिचा डावा हात टेबलावर होता तिथंच राहिला. ती पुढं झुकली. "ऐकतेय मी. बोलता येत नसेल तर फोनवर बोट वाजवा." थोडी थांबली. पुन्हा तेच म्हणाली. मग फोन कुठून आलाय ते शोधायला लागली. बाकीचे फोन खोळंबले, आकडा लाल झाला, पण तिनं तो सोडला नाही.

त्या कोपऱ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

मी आत गेले. "त्या दिवशी दुपारी तू टेबल सोडलं होतंस?"

"पाहुणे यायचे होते ना, वरचे अधिकारी. साहेब म्हणाले, खाली जाऊन त्यांना घेऊन ये. मी म्हटलं, टेबल रिकामं राहील. तर म्हणाले, तू जा, मी बघतो."

"हे चौकशीत सांगितलंस?"

"सांगितलं. साहेब म्हणाले, खाली तेच गेले होते आणि मी जागेवरच होते. पाहुण्यांना काय आठवणार ताई, त्यांना घ्यायला कोण आलं होतं ते?"

आक्का, मास्तर आणि पाळीवरचे बाकीचे सगळे त्या वेळी आपापल्या टेबलावर फोन घेत होते, त्यांच्या नोंदी होत्या. मिस्त्री पाहुण्यांना फलक दाखवायचा म्हणून त्याच्याखालीच उभा होता. उरले साहेब. पण साहेबांचं एक ठरलेलं वाक्य होतं, कक्षात येणाऱ्या प्रत्येकाला ते अभिमानानं ऐकवत: "मी कारभार बघतो. आयुष्यात कधी हेडसेट कानाला लावला नाही."

धाकटीला सोडायला दारापर्यंत गेले, तर बाहेर मिस्त्री उभा. हातातली केबल न गुंडाळलेली.

"मला पुसायला सांगितलंय," तो म्हणाला. "ती नक्कल. मागेही मूळ बटण काढून आतलं सगळं पुसायला सांगितलं होतं. मी बटणाला पडद्याचाच करडा रंग दिला आणि पुसलं म्हणून सांगितलं. मेलेल्या माणसाचं शेवटचं बोलणं... हात धजला नाही, मॅडम."

"आताही तसंच सांगा," मी म्हणाले. "पुसलं म्हणून."

६

अहवाल ऐकायला तेच वरचे अधिकारी आले. एक बाई, एक गृहस्थ. आक्का, मास्तर, मिस्त्री मागे भिंतीशी उभे होते. मी नवा पडदा दाखवला, कुठं लोक अडखळतात ते सांगितलं. मग साहेबांकडे वळले.

"साहेब, हे लोक तुमचं ऐकतात. तुम्ही स्वतः दोन्ही पडद्यांवर बसून दाखवलंत तर यांच्या लगेच लक्षात येईल. आधी जुना."

"मी? अहो, मी कधी..."

"बसा की," अधिकारी बाई हसून म्हणाल्या. "गंमत."

साहेब बसले. हेडसेट दोन बोटांनी, नवख्यासारखा उचलला. पहिले फोन मी सावकाश सोडले. ते बटणं शोधत होते, चुकत होते, चुकल्यावर हसून दाखवत होते. नवखेपणाचं सोंग उत्तम चाललं होतं. मग मी वेग वाढवला. भिंतीवर आकडा चढू लागला. लाल झाला. अधिकारी गृहस्थ खुर्चीत पुढं सरकले आणि म्हणाले, "एवढे थांबलेत?" साहेबांच्या मानेवर घाम दिसला. हसू गेलं. बोटं भराभर चालायला लागली.

मी मुका फोन सोडला.

डावा हात उठला. खालचा डावा कोपरा. टक. नजर आकड्यावर. आकडा एकानं उतरला.

मागे उभ्या असलेल्या आक्का-मास्तरांच्या नजरा त्या कोपऱ्यावर खिळल्या. साहेबांना काय झालं ते इतरांच्या चेहऱ्यांवरून कळलं असावं, कारण त्यांनी हात झटकन मागे घेतला.

"साहेब," मी म्हणाले, "तो फोन कुठं गेला?"

"कुठला? असेल इथंच. मला यातलं काही..."

मी त्यांच्या खांद्यावरून वाकले आणि मोकळ्या कोपऱ्यावर बोट दाबून धरलं. या वेळी आवाज हेडसेटमध्ये नव्हता, खोलीतल्या स्पीकरवर होता.

बराच वेळ नुसता घरघरता श्वास. मग सरपटल्याचा, कडी काढल्याचा आवाज. "दार उघडं ठेवलंय मी. जिन्यात अंधार आहे, जपून या." थोडं थांबून, "तुम्ही आहात ना?" पुन्हा थांबून, जरा ओशाळून, "नाही, घाई नाही. तुमच्याकडे गर्दी असेल."

त्या जाड भिंतींनी शब्द जिथल्या तिथं गिळले. अधिकारी बाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"मी उचलणार होतो," साहेब म्हणाले. कुणी काही विचारलंच नव्हतं. "पाहुणे गेले की लगेच उचलणार होतो. फलकावर आकडा दिसत होता, तुम्ही दारात होता... मुका फोन होता हो! नुसता मुका फोन होता. नंतर चहापाण्यात डोक्यातून गेलं."

त्यांचा डावा हात मांडीवर पडला होता. ते त्याच्याकडे बघत नव्हते.

७

साहेबांची खुर्ची रिकामी झाली. आक्का आणि मास्तर आपण होऊन चौकशीपुढे गेले आणि बाकड्याबद्दल सगळं सांगून आले. त्यांनाही ठपका बसला. आक्का म्हणाल्या, बसू दे. मी माझ्या अहवालात लिहिलं, की नवा पडदा जुन्या लोकांना गोंधळात टाकेल, काही दिवस हात चुकतील, आणि तरी तो उद्यापासून लावा.

धाकटीला परत बोलावणं आलं. तिनं आधी माझ्याकडे एक मागणं केलं. "ताई, त्यांच्या घरी येता माझ्याबरोबर? एकटीनं जायला होत नाही."

घड्याळवाल्याची बायको दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायची. लहानखुरी, ताठ पाठीची बाई. धाकटी कोण ते तिला ठाऊक होतं. या मुलीच्या नावानं तिनं किती रात्री बोटं मोडली असतील, कोण जाणे. तरी तिनं आत घेतलं, बसायला सतरंजी टाकली.

आम्ही सगळं सांगितलं. ती मध्ये एकदाच बोलली. "म्हणजे दार त्यांनीच उघडलं?"

"हो."

"मला वाटायचं, कुणीतरी येऊन, बघून, तसंच निघून गेलं. जिन्यात पाऊल वाजलं की वाटायचं, तोच असेल." तिनं पदर तोंडाला लावला.

आवाज ऐकायचा का, असं मी विचारलं. ती नको म्हणाली. आज नको.

मग ती धाकटीकडे वळली. "तू जागेवर असतीस, तर त्यांना काय म्हणाली असतीस?"

धाकटी गडबडली. माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? ती सतरंजीवर थोडी पुढं सरकली, त्या बाईच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी, आणि हळू, कामावर बोलायच्या त्या सरळ आवाजात म्हणाली, "मी आहे. गाडी निघालीय. तोवर बोलत राहा, मी कुठं जात नाही."

बाईनं मान हलवली. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिनं सतरंजीची सुरकुती हातानं सरळ केली.

"सकाळी आमचं भांडण झालं होतं," ती शेवटी म्हणाली. "अगदीच क्षुल्लक. मी न सांगता बाहेर गेले."

"हं," धाकटी म्हणाली. "पुढे?"

आणि ती बाई बोलायला लागली.